बीव्हीएस्सीनंतर कॅन्सर संशोधन: आधी पॅथॉलॉजी, मग विमान

निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: बीव्हीएस्सी अँड एएच या पशुवैद्यकीय पदवीची इंटर्नशिप चालू आहे, काम नाशिक जिल्ह्यातल्या दवाखान्यांत. पुढे कॅन्सर संशोधनात जायचं आहे, जमल्यास परदेशात. एमव्हीएस्सी (पदव्युत्तर पदवी) करावी की थेट बाहेर अर्ज करावा? विषय कोणता घ्यावा? आणि घरचे विचारतात, जनावरांची डॉक्टर माणसांच्या कॅन्सरचं काय करणार? त्यांना काय सांगू?

घरच्यांचा प्रश्न आधी घेऊ, कारण मुलाखतीत तोच प्रश्न जरा सभ्य शब्दांत येतो. एका जनावरातली गाठ दुसऱ्यात रुजवून दाखवली ती नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने, १८७६ मध्ये. कुत्र्यांमधली टीव्हीटीची, म्हणजे संगातून पसरणाऱ्या कॅन्सरची, गाठ होती ती. कोंबडीच्या सार्कोमामागे (मांस-हाडासारख्या ऊतकांतल्या कॅन्सरमागे) विषाणू आहे हे पेटन राऊस यांनी १९११ मध्ये दाखवलं, त्याचं नोबेल मिळायला १९६६ उजाडलं. मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू १९६४ मध्ये शोधणारे विल्यम जॅरेट हे ग्लासगोचे पशुवैद्य. आणि लेयर फार्मवर येणाऱ्या पिल्लाला हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचतात ती मरेक्सची लस? मरेक्स हा विषाणूमुळे होणारा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर आहे. म्हणजे कॅन्सर अडवणारी लस माणसांच्या आधी कोंबड्यांना मिळाली. घरी पोल्ट्रीवाले नातेवाईक असतील तर एवढं एक उदाहरण पुरतं.

आताचं उदाहरण हवं असेल तर कुत्र्यांच्या कातडीतल्या मास्ट सेल ट्यूमरवरचं टोसेरानिब हे औषध. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. माणसांत वापरल्या जाणाऱ्या सुनिटिनिबचं हे जवळचं भावंड. घरच्या कुत्र्याला होणारा हाडाचा कॅन्सर किंवा लिम्फोमा कुणी प्रयोगशाळेत मुद्दाम लावलेला नसतो. त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि तो मालकाच्याच घरातली हवा घेत असतो. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून तुलनात्मक ऑन्कॉलॉजीचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला. आपल्याकडे १८८६ चं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आणि १९४१ चं टाटा मेमोरियलही परळलाच. दोन्ही शास्त्रं इतकी शेजारी राहत असताना विद्यार्थ्यांना मधला रस्ता कुणी दाखवत नाही, हे मात्र खरं.

आता मूळ प्रश्न. 'परदेशात कॅन्सरमध्ये जायचं' या एका वाक्यात तीन वेगळ्या वाटा आहेत. त्यांची कागदपत्रं वेगळी, वर्षं वेगळी, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो.

एक वाट कुत्र्या-मांजरांच्या कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरची. अमेरिकेत त्यासाठी आधी परवाना लागतो आणि भारतातली पदवी तिथे थेट चालत नाही. ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या दोन कार्यक्रमांपैकी एका मार्गाने पदवीची बरोबरी सिद्ध करायची, परवान्याची नॅव्हले परीक्षा द्यायची, मग इंटर्नशिप, मग तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे तज्ज्ञ होण्याचं प्रशिक्षण. ईसीएफव्हीजीतली शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा तीन दिवस चालते. भूल, शस्त्रक्रिया, घोडा, शवविच्छेदन असं सगळं त्यात येतं, आणि खर्चही दणदणीत. दुसरी वाट संशोधनाची, म्हणजे पीएचडी आणि पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी). तिला पशुवैद्यकीय परवाना लागत नाही. कितीतरी जण परवान्याच्या तयारीत दोन वर्षं घालवतात आणि मग कळतं की पीएचडीच्या अर्जात तो रकानाच नव्हता. तिसरी वाट व्हेटरनरी पॅथॉलॉजिस्टची, म्हणजे जनावरांच्या ऊतकांतून आजार ओळखणाऱ्या तज्ज्ञाची: रेसिडेन्सी, मग बोर्डाची परीक्षा, सोबत किंवा नंतर पीएचडी. औषध कंपन्यांना विषचाचणीच्या स्लाइड वाचणारी माणसं लागतात आणि ती कमी पडतात, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने ही वाट सगळ्यांत भक्कम.

माझा कौल स्पष्ट आहे: दुसरी किंवा तिसरी वाट धरा, आणि दोन्हींसाठी एमव्हीएस्सी पॅथॉलॉजीत करा. बायोटेक्नॉलॉजीला विद्यार्थ्यांची ओढ जास्त, हे माहीत आहे. पण परदेशातल्या प्रयोगशाळेत पीसीआर करणारे, सिक्वेन्सिंगचा डेटा सोडवणारे ढिगाने असतात. उंदराच्या यकृताची स्लाइड पाहून 'ही गाठ नाही, ही नुसती दाह झालेली जागा आहे' असं सांगणारा माणूस अख्ख्या विभागात एखादाच असतो. तो तुम्ही व्हायचं. रेणवीय तंत्रं पीएचडीत सहा महिन्यांत शिकता येतात, स्लाइड वाचायची नजर तेवढ्यात बसत नाही.

अमेरिकेतल्या पीएचडीला एमव्हीएस्सी सक्तीची नसते, साडेपाच वर्षांची बीव्हीएस्सी बहुतेक ठिकाणी चालते. तरी थेट अर्ज करू नका म्हणतो, कारण इंटर्नशिपनंतर हातात शोधनिबंध नसतो, थिसिस नसतो, आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्यांना तुमच्या कामाबद्दल लिहायला काही नसतं. जर्मनीसारख्या देशांत तर पीएचडीसाठी मास्टर्सच्या तोडीचं शिक्षण मागतातच.

इंटर्नशिपचे जे महिने उरलेत त्यांत नमुने गोळा करायला लागा. नाशिक जिल्ह्यात दोन आजार हाताशी आहेत. एक भटक्या कुत्र्यांमधली टीव्हीटी. या गाठीची पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते, विषाणू नाही. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साधारण ५७ ते ६४. दुसरा आजार बैलाच्या शिंगाचा कॅन्सर. भारतीय गोवंशात, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत तो जास्त दिसतो, आणि बहुधा एकाच शिंगात. बैल मान झटकतो, डोकं त्या बाजूला कलतं करतो, खांबाला शिंग घासतो. शिंगाच्या आतली पोकळी कपाळाच्या सायनसला जोडलेली असते, म्हणून त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचा, कधी रक्ताळलेला स्राव येतो. शिंग ढिलं होऊन लोंबू लागेपर्यंत शेतकरी हळद-तेलावर भागवतो आणि तोवर गाठ सायनसमध्ये उतरलेली असते. शिंग मुळापासून काढल्यावर ते उकिरड्यावर जातं. तिथेच तुमचा थिसिस जातो.

त्या शिंगाचा नमुना नीट कसा घ्यायचा ते सविस्तर सांगतो, कारण महाविद्यालयात पोहोचणारे निम्मेअधिक नमुने वाटेतच मेलेले असतात.

फॉर्मेलिन बफर केलेलंच हवं. बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मेलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, त्यात मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसेल तर फॉर्मेलिन आम्लधर्मी होतं आणि स्लाइडवर तपकिरी-काळे कण दिसतात, नवखा त्यांना रंगद्रव्य समजतो. तुकडा जास्तीत जास्त ५ मिलिमीटर जाडीचा घ्या. फॉर्मेलिन आत हळू शिरतं. लिंबाएवढी गाठ अख्खी टाकली तर बाहेरून टणक आणि आतून कुजलेली निघते. फॉर्मेलिन तुकड्याच्या किमान दहापट. भांडं रुंद तोंडाचं हवं. सलाइनच्या बाटलीत कोंबलेला मऊ तुकडा फॉर्मेलिनने कडक होतो आणि मग बाटली फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. तुकडा गाठीच्या कडेचा घ्या, निम्मा गाठीचा, निम्मा निरोगी. मधोमध हात घातलात तर पू आणि मेलेला ऊतक एवढंच मिळेल, आणि अहवालात 'निदान शक्य नाही' असं येईल. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून भांड्याच्या आत टाका, बॉलपेनची शाई तिथे टिकत नाही. शिंगातलं हाड कापायचं तर आधी चुना काढावा लागतो. त्यासाठी फॉर्मिक आम्ल किंवा ईडीटीए वापरतात. ईडीटीएला आठवडे लागतात, पण पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी पेशीतली प्रथिनं रंगवणं) करायची असेल तर तेच बरं. घाईत तीव्र आम्लात ठेवलेल्या तुकड्यात पेशीकेंद्रकं फिकट पडतात आणि मग रंग कितीही बदला, उपयोग नाही.

टीव्हीटीसाठी २२ किंवा २३ गेजची सुई, ५ मिलीची सिरिंज, स्लाइडवर पातळ थर आणि लगेच हवेत सुकवणं. सूक्ष्मदर्शकाखाली गोल पेशी आणि पेशीद्रवात ओळीने स्वच्छ पोकळ्या दिसल्या की निदान जवळजवळ झालं. या स्लाइड फॉर्मेलिनच्या भांड्यासोबत एकाच पिशवीत पाठवू नका. झाकण घट्ट असलं तरी वाफ येते, आणि त्या वाफेने गीम्सा-लीशमनचा रंग बिघडतो. सिन्नरहून परळला पोहोचेपर्यंत स्लाइडची वाट लागलेली असते आणि दोष रंग देणाऱ्या तंत्रज्ञावर येतो. उपचार व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाचा: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ०.५ ते ०.७ मिलिग्रॅम, शिरेतून, आठवड्याला एकदा, साधारण चार ते सहा वेळा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी सडते, म्हणून कॅथेटर लावूनच द्यायचं. हातमोजे घालायचे हे सांगायला नको, पण दवाखान्यात पाहिलं तर सांगावं लागतं.

प्रत्येक केसची वही ठेवा: वय, जात, खच्ची आहे का, किती दिवसांपासून, फोटोत पट्टी ठेवून माप, आणि तीन महिन्यांनी काय झालं. मालकाची लेखी संमती घ्या. नमुने वापरून संशोधन करण्याआधी महाविद्यालयाच्या समितीला विचारा. पन्नास केसची अशी नीट वही कुठल्याही घाईच्या शोधनिबंधापेक्षा मोलाची, आणि मुलाखतीत तिच्यावर अर्धा तास बोलता येतं.

एमव्हीएस्सीनंतर लगेच अर्ज करता येतो. पण एक वर्ष खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) किंवा पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी प्रकल्पावर काढलं तर फार फरक पडतो. नाशिकहून दोन्ही चार-पाच तासांवर, त्यामुळे घरच्यांनाही ते वर्ष जड जात नाही. भारतातलं पहिलं टिश्यू कल्चरचं (शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं) काम उभं करणाऱ्या कमल रणदिवे याच टाटा मेमोरियलच्या परंपरेतल्या. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी केलेलं काम वाचून जा. त्या वर्षात पेशी वाढवणं आणि उंदरांतलं गाठीचं मॉडेल या दोन गोष्टी हातात बसवायच्या.

मॉडेल म्हणजे बहुतेकदा असं: प्रतिकारशक्ती लंगडी असलेल्या न्यूड किंवा एनएसजी जातीच्या उंदराच्या कुशीत कातडीखाली १० ते ५० लाख पेशी, १०० मायक्रोलिटरमध्ये, निम्मं बफर आणि निम्मं मॅट्रिजेल, म्हणजे पेशींना आधार देणारं जेल. मॅट्रिजेल गार असेपर्यंत पातळ, जरा ऊब मिळाली की थिजतं. टिप, सिरिंज, नळ्या सगळं आधी बर्फावर ठेवावं लागतं. पहिल्या उंदराला टोचून शेवटच्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला आणि सिरिंज हातात गरम झाली, तर शेवटच्या उंदरांत गाठी वेड्यावाकड्या येतात. शिवाय पेशी तळाशी बसतात, म्हणून दर वेळी हलक्या हाताने मिसळायचं. गाठ १०० ते १५० घनमिलिमीटर झाली की गट पाडायचे, चिठ्ठ्या टाकून, 'मोठ्या गाठीवाले औषधाला' असं मनाने नाही. माप कॅलिपरने: लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले दोन. शक्यतो एकाच माणसाने मोजायचं आणि त्याला कोणता गट कोणता हे माहीत नसावं. शिरेतून द्यायचं औषध किलोला ५ मिलीच्या आत, म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला १२५ मायक्रोलिटर. पेशींना मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू लागला की प्रयोग वाया. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, फक्त निकाल बिघडतात. दर महिन्याला पीसीआरने तपासायचं, आणि पेशींची ओळख एसटीआर या डीएनए चाचणीने पक्की करून घ्यायची.

इथे पशुवैद्य कामी येतो तो असा: वजन २० टक्के उतरलं, गाठ फुटून जखम झाली, उंदीर पाठ वाकवून, अंगावरचे केस फिस्कारून कोपऱ्यात बसला, तर प्रयोग तिथेच थांबवायचा. केव्हा थांबवायचं हे प्रस्तावातच लिहावं लागतं. भारतात ते सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या फॉर्म बीमध्ये, अमेरिकेत संस्थेच्या प्राणी समितीकडे, म्हणजे आयएसीयूसीकडे. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याखाली वैयक्तिक परवाना लागतो. युरोपीय संघात फेलासा या प्रयोगशाळा-प्राणी संघटनेचा मान्यताप्राप्त कोर्स केलेला असला तर रुजू झाल्यावर पहिले दोन-तीन महिने वाचतात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा इथे एक दोष दिसतो: पदवी आहे म्हणून प्राण्यांचं सगळं येतं असं गृहीत धरतात. गाय-म्हैस हाताळलेल्या हाताला उंदराची शेपटीतली शीर सापडायला आठवडे लागतात.

दुसरं म्हणजे मारणं. जनावर वाचवायचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दर महिन्याला पिंजरेच्या पिंजरे संपवावे लागतात. कार्बन डायऑक्साइड सोडायचा तोही ठरलेल्या वेगाने, मिनिटाला पेटीच्या घनफळाच्या ३० ते ७० टक्के. पेटी आधीच वायूने भरून ठेवणं चालत नाही. हे काम अंगावर येणार असेल तर ते त्या एका वर्षात इथेच कळलेलं बरं, आणि मग स्लाइड किंवा घरच्या कुत्र्यांवरच्या चाचण्या ही दिशा धरता येते. उंदरांच्या मूत्राची ॲलर्जी हाही खरा प्रश्न आहे. सुरुवातीला नाक गळतं, पुढे दमा. एन-९५ मास्क पहिल्या दिवसापासून वापरायचा.

अर्जांचं गणित. अमेरिकेत बहुतेक मुदती डिसेंबरच्या सुरुवातीला, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, आणि होकार कळवायची सर्वसाधारण तारीख १५ एप्रिल. म्हणजे तयारी जूनमध्ये सुरू. पशुवैद्यकीय विद्यापीठ नागपूरला, त्यामुळे सीलबंद गुणपत्रकं मागवायला तिथे पत्रव्यवहार करावा लागतो, त्याला दोन महिने धरा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता कित्येक विभागांनी काढून टाकली आहे, यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. प्राध्यापकांना ईमेल लिहाल तर पाच ओळींत: त्यांच्या कोणत्या निबंधातली कोणती गोष्ट, तुमच्या हातात कोणतं तंत्र, कोणत्या वर्षी प्रवेश. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड' असं शंभर जणांना गेलेलं पत्र ओळखायला त्यांना दोन सेकंदं लागतात.

स्वतःच्या पैशाने पीएचडी करू नका. अमेरिकेत फी माफ आणि वर स्टायपेंड, जर्मनीत पीएचडी म्हणजे पगारी करार, बहुधा ई-१३ या सरकारी वेतनश्रेणीच्या ६५ टक्क्यांचा. फी मागणारा प्रवेश आला आणि त्यासाठी द्राक्षबाग गहाण ठेवायचा विषय निघाला, तर तो प्रवेश नाकारा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. पोस्टडॉकच्या पगाराचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा २०२४ चा पहिल्या वर्षाचा दर ६१,००८ डॉलर होता. विद्यापीठं साधारण त्याच्या आसपास देतात. बॉस्टनसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा भाड्यात जातो. पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना लागतो, तेवढ्या खर्चाची तजवीज घेऊनच निघा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पीएचडी झाली तर नंतर १२ महिने आणि विज्ञानशाखेसाठी आणखी २४ महिने काम करता येतं. जे-१ या संशोधक-अभ्यागत व्हिसाची दोन वर्षं मायदेशी राहायची अट डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्य-यादीतून भारत वगळल्यावर सैल झाली, पण सरकारी पैशाच्या शिष्यवृत्तीवर गेलात तर ती लागतेच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून योजना आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, आणि असे नियम रात्रीतून फिरतात. करविवरण भरताना भारत-अमेरिका कराराच्या कलम २१(२) प्रमाणे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती नसते, त्यामुळे शेजारच्या चिनी मित्राचा फॉर्म पाहून आपला भरू नका. उत्पन्न शून्य असलं तरी ८८४३ हा फॉर्म द्यावा लागतो.

तिथल्या रोजच्या जगण्याचं फार सांगत नाही. थंडी आणि स्वयंपाक अंगवळणी पडतात. अंगवळणी पडायला वेळ लागतो तो एकट्याने प्रयोग आखण्याला, आणि गाइडला तोंडावर 'हे मला पटत नाही' म्हणण्याला. आपल्याकडे 'हो सर' हा शिष्टाचार आहे, तिथे त्याचा अर्थ 'काम होईल' असा घेतात. आणि गाठी दिवाळी-नाताळ पाहत नाहीत. सोमवार-गुरुवार माप ठरलं असेल तर लक्ष्मीपूजनाला सुद्धा कॅलिपर हातात असतं.

निघण्याआधी घरची तीन कामं उरकून घ्या. राज्य पशुवैद्यक परिषदेतली नोंदणी चालू ठेवा, परतायचं झालं तर तीच लागते. अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलावं लागतं. आणि शेती: अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण आधीपासून नावावर असलेली राहते आणि वारसाने येते. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर वाटणी, कर्ज, पाइपलाइनची संमती अशा सह्यांसाठी वडिलांच्या किंवा भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र इथेच नोंदवून ठेवा. परदेशातून करायचं झालं तर वकिलातीत साक्षांकन करून घ्या, आणि कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून टाका.